फडकं बांधलेला पाहुणा

जयगडच्या धक्क्यावर तुम्ही उभे आहात आणि साल 1955 आहे. मार्च उतरणीला लागलाय. मुंबईहून आलेली बोट खाडीच्या तोंडाशी भोंगा देते, तशी वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, कोंबड्यांची डालगी, झोपेतून उठवलेली पोरं असा सगळा संसार एकदम पाण्याकडे सरकतो. बोटी अजून दोनेक महिने चालतील. मग पावसाळा, आणि कोकण पुन्हा आपल्या आपल्या खाडीत बंद.

डोक्यावर किल्ला आहे. विजापूरकरांच्या काळातला, 1713 च्या तहात कान्होजी आंग्र्यांकडे आलेला, 1818 मध्ये फारसा प्रतिकार न होता इंग्रजांच्या हाती गेलेला. बांधकाम टिकेना म्हणून जयबा नावाच्या मुलाने आपणहून पायात बळी जायची तयारी दाखवली आणि त्याच्या नावावरून जयगड झालं, अशी दंतकथा गावात सांगतात. म्हणजे स्वयंसेवकांची परंपरा इथे जुनीच म्हणायची. तुम्हाला मात्र मरायला पाठवलेलं नाही. तुम्हाला गोव्यात म्हापशाला जाऊन राहायचं आहे, आणि वेळ आली की हात खाली ठेवून मार खायचा आहे.

आजचा नकाशा डोक्यातून काढून टाका. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा व्हायला अजून सव्वीस वर्षं आहेत. बाणकोटपासून बांदा-रेडीपर्यंत सगळी रत्नागिरीच. तेव्हा तुम्ही काही परदेशी निघालेले नाही. आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जाऊन चार पावलं पुढे टाकायची आहेत. पण त्या चार पावलांपलीकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं राज्य आहे. गोवा 1510 पासून पोर्तुगीजांकडे, म्हापसा ज्या बारदेशात येतं तो 1543 पासून. तिथे सभा घ्यायला बंदी, काही छापायचं तर आधी परवानगी, आणि ‘जय हिंद’ म्हणणं हा गुन्हा. इंग्रज जाऊन आठवं वर्ष चालू आहे आणि जयगडच्या बोटीने एका रात्रीत पोचता येईल इतक्या अंतरावर हे सगळं चालू आहे, याचा राग तुम्हाला सेवादलाच्या शिबिरात आला होता. राग येणं सोपं होतं. शिबिरात दिलेली शपथ अवघड आहे. हात उगारायचा नाही, पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही. तुमच्या पिशवीत एक धोतरजोडी, एक पंचा आणि आईने दिलेल्या तांदळाच्या पिठाच्या वड्या आहेत. सुरी नाही. आंबा कापायची सुद्धा नाही.

रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. प्रत्येक बंदराबाहेर बोट थांबते, पडाव येऊन चिकटतात, माणसं दोरीला धरून चढतात-उतरतात, आणि शेजारची बाई तुम्हाला लिंबू चोखायला देते कारण तुमचा चेहरा तिला ‘बोट लागल्यासारखा’ वाटतो. वेंगुर्ल्याला उतरा. तिथून एस.टी.ने सावंतवाडी, आणि सावंतवाडीहून दोडामार्ग.

पाडव्याच्या सुमाराची काळोखी रात्र आहे. तुम्हाला सीमेपलीकडे नेणारा माणूस धंद्याने काय करतो हे पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. मुंबई राज्यात दारूबंदी आहे, गोव्यात नाही. त्यामुळे तो उत्तरेकडे बाटल्या आणतो आणि दक्षिणेकडे सत्याग्रही नेतो. बाटल्यांचे पैसे घेतो, तुमचे घेत नाही. काजूच्या बागांतून, पिकलेल्या बोंडांच्या उग्र गोड वासातून तो पुढे चालतो आणि एकदाही वळून बघत नाही. पहाटे अस्नोड्याच्या अलीकडे तो म्हणतो, ‘आतां गाडी घे. उलय नाका.’ बोलू नकोस. तुम्ही रत्नागिरीचे आहात हे तुमच्या पहिल्याच वाक्यावरून बसमधल्या चौघांना कळेल, आणि त्या चौघांतला एक कोणाचा असेल हे सांगता येत नाही.

म्हापशात ज्या घरी तुम्हाला सोडतात ते जुनं, नळ्यांचं, पुढे तुळस, मागे विहीर असं घर आहे. घरात एक विधवा बाई. साठीच्या पुढे. तिला तुम्ही माई म्हणायचं. तुम्ही वाकून नमस्कार करता आणि नाव सांगायला तोंड उघडता, तर ती हाताने थांबवते. नाव नको. गाव नको. तिचं नाव तुम्ही विचारायचं नाही, तुमचं ती विचारणार नाही. तिला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मासे खाता का? आणि रात्री घोरता का?

दुसरा प्रश्न गंमतीचा नाही. बाजूच्या घराची भिंत सामाईक आहे. या घरात पुरुष झोपत नाही हे सगळ्या आळीला माहीत आहे.

तुम्ही शपथेचं सांगता. कोणी विचारलंच तर तुम्हाला खोटं बोलता येणार नाही. माई तुमच्याकडे जरा वेळ बघत राहतात. हे पुण्या-मुंबईचं शहाणपण आता आपल्या गळ्यात आलं, असा भाव त्यांच्या तोंडावर असतो. खरं सांगायचं तर माईंचंही चूक नाही. लपून काम करणं गांधीजींना कधीच पसंत नव्हतं, कबूल. 1942 च्या भूमिगतांनाही त्यांनी ते स्पष्ट सांगितलं होतं. पण जिथे चार माणसं एकत्र बसली तरी पोलीस येतो तिथे उघडपणे काम करायचं म्हणजे पहिल्या सकाळीच आत जायचं. माई उठतात, जुन्या लुगड्याचं एक फडकं फाडतात, हनुवटीखालून घेऊन तुमच्या डोक्यावर त्याची गाठ मारतात.

‘दाढ दुखते तुमची. खोटं मी बोलेन. तुम्ही फक्त फडकं बांधा.’

आणि इथून तुमचं खरं काम सुरू होतं, जे तुम्हाला कोणत्याच शिबिरात शिकवलेलं नाही. तुम्ही म्हापसेकरांना जागं करायला आला होता. आता तुम्हाला तोंडच उघडता येत नाही. ऐकायचं, एवढंच उरतं.

दुखऱ्या दाढेच्या माणसाशी सगळे बोलतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. टोपलीत गरम उंडे आणि कोंड्याची पोळी. माई टंग्यांची नाणी मोजतात. सोळा टंग्यांची एक रुपिया, आणि नोटेवर पोर्तुगीज बँकेचं नाव. पोदेर तुमचं फडकं बघतो आणि लवंग दाढेखाली धरायला सांगतो. दुसऱ्या दिवशी स्वतःच कागदाच्या पुडीत लवंगा घेऊन येतो. तिसऱ्या दिवशी तो गाठीकडे जरा जास्त वेळ बघतो. मग माईंना खालच्या आवाजात म्हणतो की त्याचा पाव क्वार्तेलातही जातो, शिपाईही त्याचंच खातात, आणि त्याला तीन मुलं आहेत. पत्रकं वगैरे काही असली तर त्याच्या टोपलीत ठेवायची नाहीत. त्याला काही सांगायचं नाही. फक्त ज्या दिवशी ‘काही असेल’ त्या दिवशी कुठला रस्ता टाळायचा तेवढं सांगा.

शिबिरात अशा माणसाला तुम्ही भित्रा म्हणाला असता. इथे त्याच्या लवंगा तुमच्या खिशात आहेत. तो काही करणार नाही, आणि काही सांगणारही नाही. व्यापलेल्या शहरात बहुसंख्य माणसं अशीच असतात आणि कुठलीही चळवळ त्यांच्याच गप्प बसण्यावर चालते. भाषणात हे कोणी म्हणत नाही.

शुक्रवारी बाजार. म्हापशाचा शुक्रवार म्हणजे सगळ्या बारदेशाने गावात उतरायचं. चिंच, सोलं, सुकी मासळी, मातीची भांडी, झाडू, आणि कोपऱ्यात मानकुरादची पहिली करंडी. भाव ऐकून तुम्ही हापूसच्या अभिमानाने भुवया उंचावता, तर विकणारी बाई ओळखते की हा माणूस आंब्याच्या मुलखातला दिसतो. ती एक फोड कापून तुमच्या हातावर ठेवते आणि दाढेची चौकशी करते. खाल्ल्याशिवाय सोडत नाही. (मानकुराद चांगला असतो. जयगडला परतल्यावर हे कोणाला सांगू नका.)

बाजाराच्या भिंती बघा. पांढऱ्या चुन्याच्या भिंतींवर मधूनच जास्त पांढरे, ओलसर चौकोन आहेत. रात्री कोणीतरी डांबराने काही लिहितं, सकाळी चुन्याचा हात मारून घेतला जातो. काय लिहिलं होतं ते वाचता येत नाही. पण किती ठिकाणी लिहिलं होतं ते मोजता येतं. जाणारे-येणारे त्या चौकोनांकडे बघत नाहीत, आणि ते किती काळजीपूर्वक बघत नाहीत हे दोन दिवसांत तुमच्या लक्षात येतं.

काजूच्या बोंडांच्या ढिगापाशी एक पाकलो उभा आहे. गोरा शिपाई, वीस-एकवीसचा, नाकाचं साल निघालेलं. त्याने बोंडू बियांसकट दाताखाली घेतलाय आणि ओठ भाजलाय. बायका पदराआड हसतात. तो तुमच्याकडे बघतो, तुमच्या फडक्याकडे बोट दाखवतो, मग स्वतःच्या ओठाकडे, आणि हसतो. दोघं दुखणाईत. पोर्तुगालातल्या कुठल्या तरी शेतातून त्याला इथे आणून उभं केलंय. त्याच्याशेजारचा तर मोझांबिकचा आहे, म्हणजे स्वतःच पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मुलखातला. एका गुलाम देशाच्या माणसाला बंदूक देऊन दुसऱ्यावर पहारा करायला बसवलंय. तो हसत नाही. तो बाजारातल्या कोणाशीच बोलू शकत नाही आणि बाजारातले त्याला टाळतात, पाकल्यापेक्षा जास्त टाळतात, त्याच्या रंगावरून नावं ठेवतात. ही गोष्ट सत्याग्रहाच्या आठवणींत सापडत नाही. पण तुम्ही इथे आहात तर बघून ठेवा.

बोंडू कसा खायचा हे तुम्ही त्या पोराला दाखवता. बी पिळून वेगळी करायची, मग रस. शत्रूवर प्रेम करा असं शिबिरात सांगितलं होतं. एवढं सोपं पडेल असं वाटलं नव्हतं, आणि अवघड जातं ते पुढच्या क्षणी, जेव्हा त्याच्या खांद्यावरची बंदूक तुमच्या कोपराला लागते.

एका दुपारी माई तुम्हाला छापखान्यात पाठवतात. त्यांच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका आणायला. छापखान्याच्या बाकावर एक यजमान घाम पुसत बसलेत. त्यांच्याही मुलीचं लग्न आहे, मुहूर्त जवळ आलाय आणि पत्रिका अडकून पडलीय. कारण पत्रिका सेन्सॉरकडे गेली आहे. हो, लग्नाची पत्रिकाही तपासून घ्यावी लागते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ यात राज्याला काय धोका आहे हे बघणारा एक माणूस पगारावर नेमलेला आहे. छापखानेवाला तुम्हाला माईंचा गठ्ठा देतो, त्यावर मंजुरीचा कच्चा खर्डा ठेवलेला. एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात निळ्या शाईचा ठसा: ‘विझादु पेला सेन्सुरा’. सेन्सॉरने पाहिले. ठसा जरा तिरका पडलाय आणि वधूच्या आजोबांच्या नावावर आलाय.

यजमान तुम्हाला ऐकवतात की फेनीत कापूस बुडवून दाढेत धरा. मग त्याच सुरात, त्याच आवाजात, ते डॉक्टर पुंडलिक गायतोंड्यांची गोष्ट सांगतात. म्हापशातलेच सर्जन. मागल्या वर्षी फेब्रुवारीत एका मेजवानीत वक्ता म्हणाला की गोवा म्हणजे पोर्तुगालच, आणि डॉक्टर म्हणाले, मी निषेध करतो. एवढंच वाक्य. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि लिस्बनला नेलं. यजमान स्वतः तेव्हा दवाखान्याच्या रांगेत होते, हर्नियासाठी. ‘माझं ऑपरेशन राहिलं ते राहिलंच,’ असं म्हणून ते पुन्हा घाम पुसतात. देशभक्ती आणि हर्निया यांतलं कुठलं दुःख मोठं, ते त्यांच्या तोंडावरून ठरवता येत नाही.

माईंच्या शेजारी, त्या सामाईक भिंतीपलीकडे, एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. सरकारी कचेरीत कारकून. लेंट चालू आहे, मांस वर्ज्य, संध्याकाळी प्रार्थना ऐकू येते. भिंतीच्या अलीकडे माई रामनवरात्राचा ‘रामविजय’ वाचत असतात, कोंकणी बोलणाऱ्या तोंडाने मराठी ओव्या. हा गृहस्थ एका संध्याकाळी विहिरीपाशी येतो आणि तुमच्याशी शुद्ध, जरा जुनाट मराठीत बोलू लागतो. म्हणजे त्याला कळलंय. बहुधा तुम्ही घोरता.

तो तुम्हाला पकडून देणार नाही, हे तो आधीच सांगतो. पण तुम्ही ऐकून घ्या म्हणतो, नाही तरी तुमची दाढ दुखतेच आहे. सालाझार त्याला आवडत नाही. 1951 मध्ये लिस्बनने ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘सागरपार प्रांत’ केला, तेव्हा कचेरीत सगळ्या छापील कागदांवर शिक्के बदलण्याचं काम त्याच्याच टेबलावर होतं, त्यामुळे त्यात किती अर्थ आहे ते त्याला पक्कं माहीत आहे. त्याचा एक भाऊ मुंबईत धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहतो, दुसरा आफ्रिकेत. प्रश्न असा आहे की तुम्ही आल्यावर त्याचं काय होणार? कोंकणीचं काय? त्याच्या पोर्तुगीज शिक्षणाचं काय? मुंबई राज्यात दारूबंदी आहे, मग इथल्या भट्टीवाल्यांनी, माडी काढणाऱ्या रेंदेरांनी काय करायचं? तुम्ही म्हणता मुक्त करतो. मुक्त करून कोणाच्या ताब्यात देता?

तुम्ही पुढच्या काळातून आलेले आहात. तुम्हाला माहीत आहे की 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त होईल, आणि 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोवेकर महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार देतील. म्हणजे या विहिरीपाशी उभ्या असलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न पुढे मतपेटीतून पुन्हा विचारला जाईल आणि त्याचं उत्तर त्याच्यासारखेच लोक देतील. तुम्ही हे त्याला सांगू शकत नाही. बोलता आलं असतं तर तुम्ही शिबिरातलं उत्तर दिलं असतं, आणि ते तोकडं पडलं असतं. मराठी माणसाने गोव्याच्या लढ्याबद्दल बोलताना हा विहिरीपाशीचा प्रश्न फार वेळा गाळला आहे, असं माझं मत आहे.

एप्रिल उजाडतो. कोणीतरी येऊन माईंना एक तारीख सांगून जातं: सहा. दांडीला गांधीजींनी मीठ उचललं तो दिवस. त्या दिवशी नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचं अधिवेशन म्हापशात, उघड्यावर, भरायचं आहे. अध्यक्ष आहेत सुधाताई जोशी, पुण्याच्या पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. शास्त्रीबुवा मूळचे गोव्याचेच. सभाबंदी असलेल्या गावात अधिवेशन भरवायचं म्हणजे काय होणार हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचसाठी ते भरवायचं आहे.

आदल्या संध्याकाळी गावातलाच एक पोलीस माईंच्या अंगणात येतो. गोवेकर, मधल्या वयाचा, टोपी काखेत. माई त्याला पाणी देतात, गुळाचा खडा देतात. तो ओळखीचा आहे, त्याच्या आईचं आणि माईंचं जाणं-येणं होतं. तो तुळशीकडे बघत बोलतो.

‘पाहुण्यांची दाढ अजून दुखते?’

‘दुखते,’ माई म्हणतात.

‘एक दाढ इतके दिवस दुखत नाही, माई. एक तर काढून टाका, नाही तर गावी पाठवून द्या. उद्या परवा दवाखान्यात गर्दी होईल.’

पाणी पिऊन तो जातो. या माणसाचं काय करायचं? उद्या तो लाठी घेऊन समोर उभा असेल. आज तो स्वतःची नोकरी पणाला लावून दारात येऊन गेला. त्याला देशद्रोही म्हणणारा आणि त्याला छुपा देशभक्त म्हणणारा, दोघेही घाई करतात.

6 एप्रिल. ख्रिस्ती घरांत पवित्र आठवडा चालू आहे, रविवारी ईस्टर. हिंदू घरांत उद्याच्या पौर्णिमेची, हनुमानजयंतीची तयारी. पोदेर आज या रस्त्याला आलेला नाही, त्याला कोणी काही सांगितलं नसतानाही. तुम्ही बाजाराच्या बाजूला उभे राहता. लोक खरेदीला आल्यासारखे फिरताहेत, पण कोणी काही विकत घेत नाही. मग एक नऊवारीतली बाई पुढे येते, हातात कागद, आणि वाचायला सुरुवात करते. अध्यक्षीय भाषण. किती वाक्यं होतात? फार नाहीत. पोलीस गर्दीत घुसतात, तिला धरतात, आणि त्याच क्षणाला बाजारातून घोषणा उठते. तुम्ही हनुवटीखालची गाठ ओढता. गोव्यात आल्यापासून मोठ्याने काढलेला तुमचा पहिला शब्द ‘जय हिंद’ आहे. आवाज बसलेला, पण निघतो.

हात खाली. शपथ आठवा. पहिली लाठी खांद्यावर बसते तेव्हा हात आपोआप वर येतात, डोकं झाकायला. तेवढ्याने शपथ मोडत नाही. कानशिलात मारणारा हात कोणाचा ते बघू नका.

कोठडीत चौकशी. मारायला ‘पालमातोरी’ आहे: लाकडी मूठ, पुढे जाड गोल फळी, फळीला भोकं. तळहात पुढे करायला लावतात. भोकांमुळे हवा अडत नाही, फटका पुरता बसतो, आणि तळहातावर त्या भोकांचे गोल उठतात. शाळेतल्या मास्तरांकडेही हीच असते, त्यामुळे इथल्या माणसाला तिची ओळख लहानपणापासून असते. तुम्हाला नवी आहे.

कोणाकडे राहिलास? नाव सांग.

आणि इथे तुमच्या लक्षात येतं की त्या बाईने पहिल्याच रात्री काय करून ठेवलं होतं. तुम्हाला नाव माहीतच नाही. ‘माहीत नाही’ हे शब्दशः खरं आहे, आणि तुम्ही ते त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणू शकता. घर कुठलं? ‘सांगणार नाही.’ हेही खरंच. सत्याग्रहीची शपथ आणि माईंचा जीव, दोन्ही एका तोंडात सांभाळता यावीत याची सोय शपथ लिहिणाऱ्यांनी केली नव्हती. ती माईंनी केली.

हात सुजतात, मनगटापर्यंत. मग एका रात्री ट्रकमध्ये घालून तुम्हाला सीमेवर आणून सोडतात. हिंदुस्थानातून आलेल्यांना या दिवसांत बरेचदा असंच करतात: मारायचं आणि हाकलून द्यायचं. बांद्याला कोणीतरी तुमच्या तळहातांना हळद लावतं, कोणी बशीत चहा ओतून तोंडाला लावतं. उद्या पुण्याच्या वर्तमानपत्रात बातमी येईल. गावात हार पडतील.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 18 मेला सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे तुकडी घेऊन गोव्यात शिरतील. मधू लिमयांना बारा वर्षांची शिक्षा होईल. 15 ऑगस्टला हजारो लोक सगळ्या बाजूंनी सीमा ओलांडतील आणि पत्रादेवीला गोळ्या चालतील. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ आणि पंजाबचे कर्नैलसिंग तिथे पडतील. मग दिल्ली सीमा बंद करेल, सप्टेंबरात पणजीतली भारतीय वकिलात बंद होईल, आणि म्हापशाला बाहेरून कोणी सहज येऊ शकणार नाही. नोव्हेंबरात सीमेवरच्या रानातून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे गुप्त रेडिओ केंद्र सुरू होईल. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवतील, आणि बहुधा माईंच्या आळीत कोणीतरी दार लावून ते ऐकेल.

माईंचं काय झालं, हे तुम्हाला कळत नाही. कळायची सोयच नाही. चौकशी करायला नाव लागतं.

लढ्याचा हिशेब मांडताना आपण सीमा ओलांडून गेलेल्यांना मोजतो. ते मोजायलाच हवेत. कित्येकांनी त्यासाठी जीव दिला आणि कित्येकांनी आग्वादच्या किल्ल्यात वर्षं काढली. पण बाहेरून आलेल्याला ढकलून द्यायला एक सीमा होती. म्हापशातल्या माणसाला ती नव्हती. गोरे, लिमये आणि त्यांच्याबरोबरचे भारतीय सत्याग्रही फेब्रुवारी 1957 मध्ये सुटून परत आले, आणि ते योग्यच झालं. मूळचे गोव्याचे असलेले तेलो मास्कारेन्हास पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले 1970 मध्ये. गोवा मुक्त होऊन तेव्हा आठ वर्षं उलटून गेली होती.

आणि हे झाले नाव असलेले. ज्या घरांनी नाव न विचारता जेवू घातलं, त्यांची नोंद स्वातंत्र्यसैनिकांच्या कुठल्याच यादीत नाही, कारण नोंद होऊ नये अशीच त्यांनी व्यवस्था केली होती. 1955 साली दहा वर्षांची असलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. म्हापसा, डिचोली, पेडणे, अस्नोडा इथे तुमचं कोणी नातेवाईक असेल, किंवा जयगड-रत्नागिरीकडे एखाद्या घरात आजोबांच्या तळहाताची गोष्ट सांगितली जात असेल, तर मे महिन्यात गावी जाल तेव्हा वेळ काढून विचारा: त्या वर्षी घरात कोणी पाहुणा राहिला होता का? आणि जे सांगतील ते लिहून ठेवा.